मोबाईलवरच्या शिक्षक गटातून खरंच शिकायचंय? मग या चुका टाळा

मराठवाड्यातल्या वाडी-वस्तीवरची, तांड्यावरची जिल्हा परिषद शाळा बऱ्याचदा द्विशिक्षकी असते. चार-पाच वर्ग आणि शिक्षक दोन. त्यातले एक सर रजेवर गेले किंवा तालुक्याला बैठकीला गेले, की दुसऱ्याला काही अडलं तर विचारायला शाळेत माणूसच उरत नाही. केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद महिन्यातून एकदा. किनवटच्या डोंगरातल्या शिक्षकाला नांदेड शंभर किलोमीटरहून लांब. अशा ठिकाणी व्हॉट्सॲप, टेलिग्राम, फेसबुकवरचे शिक्षकांचे गट फार मोलाचे आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाची संधी मिळावी असं म्हटलंय, आणि शिक्षकांना आपल्या कल्पना एकमेकांना सांगता याव्यात म्हणून ऑनलाइन मंच उभारावेत असंही त्यात आहे.

तरी तक्रार सगळीकडे एकच ऐकू येते: गट दहा-पंधरा आहेत, दिवसाला शेकडो मेसेज येतात, आणि उद्या वर्गात वापरता येईल असं त्यातलं काहीच हाती लागत नाही. माझं मत असं, की दोष मोबाईलचा कमी आणि आपण गट वापरतो त्या पद्धतीचा जास्त आहे.

आदेशाचा गट आणि शिकण्याचा गट एकच ठेवणं

केंद्राच्या गटात केंद्रप्रमुख असतात, विस्तार अधिकारी असतात, कधी गटशिक्षणाधिकारीही असतात. तिथे यूडायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती, शालेय पोषण आहाराचे आकडे, ‘अति तात्काळ’ लिहिलेली पत्रं येणारच. ते कामकाज आहे आणि ते व्हायलाच हवं. पण त्याच गटात एखाद्या मॅडम “माझ्या चौथीतल्या सहा लेकरांना अजून वाचता येत नाही, काय करू?” असं लिहितील का? नाही लिहिणार. उत्तराऐवजी खुलासा मागितला जाईल अशी भीती असते, आणि ती अगदीच निराधार नसते. त्यामुळे सगळे गप्प राहतात आणि ज्याची सगळ्यांत जास्त गरज आहे तो प्रश्नच गटात येत नाही.

उपाय सोपा आहे. एकच इयत्ता किंवा एकच विषय शिकवणाऱ्या दहा-पंधरा शिक्षकांचा वेगळा गट करा. व्हॉट्सॲपच्या एका गटात १०२४ माणसं बसतात, पण एवढ्या गर्दीत आपलं अडलेलं सांगायला कुणाचा धीर होत नाही. पहिल्याच दिवशी एक गोष्ट ठरवून टाका: इथलं बोलणं स्क्रीनशॉट काढून बाहेर जाणार नाही. शुभेच्छा, वाढदिवस, निवडणुका, बदल्यांच्या याद्या यांच्यासाठी दुसरे गट आहेत, ते तिथेच राहू द्या. केंद्रप्रमुखांना या गटात यायचं असेल तर जरूर यावं, पण शिक्षक म्हणून. त्यांनी स्वतःच्या वर्गातला एखादा फसलेला पाठ आधी सांगितला, तर बाकीच्यांची जीभ आपोआप सैल होते.

झालेलं दाखवायचं, अडलेलं विचारायचं नाही

माझ्या मते सगळ्यांत मोठं नुकसान इथे होतं. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाची प्रभातफेरी, मग वृक्षारोपण, मग बालआनंद मेळावा. फोटो पडतात, खाली “खूप छान सर”, “अभिनंदन मॅडम” आणि हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते. कौतुक व्हायलाच हवं, खेड्यातल्या शिक्षकाच्या पाठीवर हात ठेवणारं दुसरं असतं तरी कोण? पण त्या रांगेतून वाचणाऱ्याला शिकायला काय मिळालं?

विचारणारे काही जण विचारतातही, पण प्रश्न फार मोघम असतो. “तिसरीला हातच्याची वजाबाकी जमत नाही, उपाय सांगा.” यावर काय येणार? तीन यूट्यूबच्या लिंका, एक सरावसंच आणि “जास्त सराव घ्या” असा सल्ला. हाच प्रश्न असा विचारून बघा:

“तिसरीत चौदा लेकरं आहेत. ५२ − २७ दिलं की नऊ जण ३५ लिहितात. ४८ − २३ मात्र सगळ्यांचं बरोबर येतं. सुट्ट्या काड्या वापरून झाल्या, दहा-दहाचे गठ्ठे अजून केलेले नाहीत. पाठ्यपुस्तक आणि फळा सोडून दुसरं साहित्य नाही.”

हे वाचणाऱ्या अनुभवी शिक्षकाला खोट लगेच दिसते. लेकरं वरच्या अंकातून खालचा अंक वजा करतच नाहीत, प्रत्येक घरातल्या मोठ्या अंकातून लहान अंक काढतात. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन, झाले पस्तीस. ४८ − २३ मध्ये वरचे अंक मोठेच आहेत, म्हणून तिथे ही चूक झाकली जाते. अशा लेकरांना नुसता सराव दिला तर चुकीचीच रीत पक्की होते. गटातलं कुणी मग सांगेल: तुरीच्या नाहीतर झाडूच्या काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या मुलाच्या हातात द्या, आणि म्हणा, “मला सत्तावीस दे.” दोन सुट्ट्यांतून सात देता येत नाहीत, मग तो स्वतःच एक गठ्ठा सोडतो. आता गठ्ठे चार, सुट्ट्या बारा. बारातून सात दिल्या, पाच राहिल्या. चारातून दोन गठ्ठे दिले, दोन राहिले. पंचवीस. त्यानंतर त्यालाच पस्तीस आणि सत्तावीस मिळवायला लावा. बासष्ट आले की आपलं आधीचं उत्तर का चुकलं ते त्याला कुणी सांगावं लागत नाही.

दुसऱ्या शाळेतल्या एखाद्या मॅडम यात भर घालतील, की काड्यांवर जमतं पण वहीत लेकरू परत पस्तीसवर येतं, म्हणून काही दिवस गणिताच्या शेजारी गठ्ठ्यांचं चित्र काढून घ्यायचं. दहा मिनिटांत दोन शिक्षकांचा अनुभव एका प्रश्नाभोवती गोळा होतो. प्रश्न नेमका असला की गट असं शिकवतो.

म्हणून विचारताना एवढं तरी लिहा: इयत्ता आणि पट, लेकरानं नेमकं काय लिहिलं किंवा काय म्हटलं, आतापर्यंत काय करून पाहिलं, आणि हाताशी साहित्य काय आहे. वहीच्या पानाचा फोटो जोडला तर फारच उत्तम, फक्त त्यावर नाव दिसू देऊ नका.

आपल्या भागाची भाषा आणि हंगाम न सांगणं

फेसबुकवर मोठ्या शहरातल्या शाळेचा ‘रोज वीस मिनिटं, तीस दिवसांत वाचन’ असा उपक्रम दिसतो आणि आपण तो तसाच उचलतो. उपक्रम वाईट असतो असं मुळीच नाही. पण बीड जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांत दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात न राहिलेली लेकरं आई-बापाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. ती परत येतात तेव्हा वर्ष संपत आलेलं असतं. तिथे तीस दिवसांचा सलग कार्यक्रम मध्येच तुटतो. मग गटात विचारायचा प्रश्न बदलतो: लेकरू जाण्याआधी काय पक्कं करून घ्यावं, आणि आल्यावर कुठून सुरुवात करावी?

या बाबतीत गटांच्या जाळ्याचा एक उपयोग आपण फारच कमी करतो. लेकरू ज्या कारखान्याच्या परिसरात जातं, तिथल्या शाळेतले शिक्षकही कुठल्या ना कुठल्या गटात आहेतच. त्यांना शोधून खाजगीत सांगता येतं, की हे मूल तुमच्याकडे येतंय, त्याला मुळाक्षरं येतात, जोडाक्षरं येत नाहीत, गणितात बेरीज पक्की आहे. तिथल्या गुरुजींचे महिना-दीड महिना वाचतात आणि लेकराला पुन्हा पहिल्यापासून बसावं लागत नाही. एवढ्या एका कामासाठीसुद्धा हे गट टिकवले पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

भाषेचंही असंच. तांड्यावर घरात गोरमाटी (बंजारा बोली), देगलूर-बिलोली-धर्माबादकडे तेलुगू, उमरगा-उदगीरकडे कन्नड, किनवट-माहूरला गोंडी आणि कोलामी. “पहिलीची मुलं वर्गात बोलतच नाहीत” एवढंच लिहिलं तर उत्तरं येतील ती भित्र्या मुलांसाठीची. “घरात गोरमाटी बोलतात, मराठी शाळेतच ऐकतात” हे एक वाक्य जोडा. मग तांड्यातलेच असलेले एखादे सर घर, भाकर, पाणी, गाय अशा रोजच्या शब्दांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवतील, आणि पुढच्या सकाळी तुम्ही लेकराशी त्याच्या भाषेत पहिलं वाक्य बोलू शकाल. अशा वेळी लिहिलेल्या मेसेजपेक्षा व्हॉइस मेसेज बरा, कारण उच्चार लिहून कळत नाहीत.

लेकरांची माहिती उघड्यावर टाकणं

अडखळत वाचणाऱ्या मुलाचा व्हिडिओ आणि खाली ‘अप्रगत विद्यार्थी’. हे कृपा करून थांबवा. तो व्हिडिओ गावातल्या गटात पोचतो, लेकराच्या भावंडांपर्यंत पोचतो, आणि शाळेत तोंड उघडायची त्याची उरलीसुरली हिंमत जाते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक धरलेला आहे आणि त्याची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी शिकण्यासाठी चेहऱ्याची गरज पडतेच कुठे? वही दाखवा, हात दाखवा, काड्या दाखवा. वाचन ऐकवायचं असेल तर नाव न घेता नुसता आवाज पुरतो, तोही छोट्या गटातच. पटाची यादी, आधार क्रमांक, पालकांचे मोबाईल क्रमांक कुठल्याही गटात टाकू नका, मग ती मागणी कितीही ‘तात्काळ’ असो.

आलं की पुढे ढकलणं

‘नवीन शासन निर्णय’ म्हणून जे पीडीएफ फिरतं, ते उघडून शेवटचा परिच्छेद वाचा. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयावर सांकेतांक असतो, त्याच्या सुरुवातीला वर्ष, महिना आणि दिवस असतात, आणि तो निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर शोधून पाहता येतो. सांकेतांक नाही, संकेतस्थळावर सापडत नाही, तर पुढे पाठवू नका. मेसेजवर दोन बाण दिसले तर तो बऱ्याच हातांतून आलेला आहे, म्हणजे मूळ कुणाचं हे विचारायलाच हवं.

शिकवण्याबद्दलच्या दाव्यांनाही हीच कसोटी लावा. ‘काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही करून, म्हणून प्रत्येकाला त्याच्या शैलीनं शिकवा’ हे कितीतरी सादरीकरणांत फिरत असतं. मुलांची अशी वाटणी करून शिकवल्यानं शिकणं सुधारतं, याला संशोधनाचा भक्कम आधार मिळालेला नाही. बघणं, ऐकणं, करणं हे तिन्ही सगळ्याच लेकरांना हवं असतं. आणि चाचणीच्या आधी प्रश्नपत्रिका गटात फिरवणं तर अजिबात नको. त्या चाचणीतून लेकराला काय येतं हे कळायचं असतं, ते मग कधीच कळत नाही.

छोट्या अडचणी, चटकन उपाय

फोन सारखा भरतो? व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. रेंज कमी असलेल्या गावात डेटाही वाचतो.

मराठी फाईल उघडल्यावर विचित्र चिन्हं दिसतात? ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेली आहे. पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागा, आणि स्वतः टाईप करताना युनिकोडच वापरा.

वहीचा फोटो धूसर जातो? तो फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

चांगली उत्तरं खाली वाहून जातात? महत्त्वाच्या मेसेजला तारा लावा. जपून ठेवायचं साहित्य टेलिग्रामच्या एका चॅनलवर टाका, तिथे नव्या सदस्यालाही जुनं सगळं सापडतं. नाव देताना ‘इयत्ता तिसरी, गणित, हातच्याची वजाबाकी’ असं द्या, ‘नवीन फाईल १’ असं नको.

गटात लग्नपत्रिका, चलान किंवा योजनेच्या नावानं ‘एपीके’ (फोनमध्ये ॲप बसवणारी) फाईल आली? ओळखीच्या सरांच्या क्रमांकावरून आली असली तरी उघडू नका, त्यांना फोन करून विचारा. ओटीपी कुणालाच द्यायचा नाही आणि व्हॉट्सॲपची टू-स्टेप पडताळणी आजच चालू करायची. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर तक्रार करा.

उत्तर घेऊन गप्प बसणं

उपाय मिळाला, “धन्यवाद सर” लिहिलं आणि विषय संपला. असं झालं की सांगणाऱ्याला पुढे काय झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी तो सांगत नाही. गट असेच थंड पडतात. त्यामुळे आठ-दहा दिवसांनी दोन ओळी लिहाच: नऊपैकी सहा जणांचं बरोबर आलं, तिघं अजून गठ्ठा सोडायला विसरतात. जमलं नाही तर तेही लिहा, त्याचा उपयोग जास्त होतो.

आणि गट खरंच थंड पडला असेल तर रोज बोलायचा अट्टहास सोडा. आठवड्यातला एक वार आणि संध्याकाळचा अर्धा तास ठरवा. त्या दिवशी एकाच शिक्षकाचा एकच प्रश्न घ्यायचा, पुढच्या वेळी दुसऱ्याची पाळी. ज्यांना लिहायचा संकोच वाटतो त्यांना नुसतं वाचू द्या, तेही वर्गात नेऊन वापरतात. महिन्याच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांकडून पंधरा मिनिटं मागून घ्या, आणि ज्यांच्या वर्गात उपाय लागू पडला त्या मॅडमना काड्यांचे गठ्ठे घेऊन उभं करा.