खंडाचा सुडोकू सोडवताना या चुका टाळा

खंडाच्या सुडोकूत नेहमीच्या नियमांखेरीज एकच नियम जास्तीचा असतो. १ ते ४ हे अंक कोरडे दिवस आणि ५ ते ९ हे पावसाचे दिवस मानायचे. ओळीच्या बाहेर जो अंक छापलेला असेल, तो त्या ओळीतील सर्वांत लांब सलग कोरडा खंड किती घरांचा आहे हे सांगतो. मराठवाड्यात पावसाचा खंड कोणालाही समजावून सांगावा लागत नाही, आणि गंमत अशी की बऱ्याच चुका नेमक्या त्यामुळेच होतात, कारण आपण कोड्यातला खंड सोडून शेतातला खंड मोजू लागतो.

शेतातला खंड महिना बदलला म्हणून तुटत नाही. २०२३ चा ऑगस्ट, जो देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तो ज्यांनी आभाळाकडे बघत काढला त्यांना हे वेगळे सांगायला नको. कोड्यात मात्र ओळ संपली की खंडही संपतो. नवव्या घरातील ३ आणि खालच्या ओळीच्या पहिल्या घरातील २ यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. हवामान विभाग २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झालेला दिवस पावसाचा धरतो, म्हणून ३ आणि ४ यांनाही पावसात ढकलण्याचा मोह काहींना होतो; परंतु हे अंक म्हणजे मिलिमीटर नव्हेत, आणि सीमा ४ व ५ यांच्यामध्येच आहे. ओळीबाहेर अंक नसेल तर त्या ओळीच्या खंडाविषयी काहीच सांगितलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेथे शून्य समजू नये, कारण प्रत्येक ओळीत चार कोरडी घरे असतातच.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे घाईने अंक भरणे. बाहेरचा अंक घर कोरडे की पावसाचे एवढ्याविषयीच बोलतो, त्या घरात २ आहे की ३ याविषयी तो मुका असतो. म्हणून आधी पेन्सिलीने कोरड्या घरात टिंब आणि पावसाच्या घरात तिरपी रेघ काढावी, आणि प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत व ३×३ च्या चौकटीत टिंबे बरोबर चारच आहेत ना, हे पाहत पुढे जावे. आडव्या ओळीचा खंड एखाद्या चौकटीतील तिन्ही घरे व्यापत असेल, तर त्या चौकटीच्या उरलेल्या सहा घरांत एकच कोरडे घर शिल्लक राहते, आणि ही गोष्ट टिंबांशिवाय सहसा डोळ्यांत भरत नाही.

बाहेर ४ दिसला की मधले, म्हणजे पाचवे घर कोरडेच असणार, असे बहुतेक जण गृहीत धरतात. चार घरांचा सलग खंड सहा ठिकाणी बसू शकतो, आणि त्यांपैकी पहिल्या घरापासून चौथ्यापर्यंतचा व सहाव्यापासून नवव्यापर्यंतचा, हे दोन खंड पाचव्या घराला शिवतही नाहीत. उलट पाचव्या घरात ७ दिलेला असेल, तर हे दोनच पर्याय उरतात, आणि अशी ओळ सुरुवात करायला उत्तम. बाहेर १ असेल तर एक सोडून एक अशी साचेबंद मांडणी करू नये. चार कोरड्या घरांना वेगळे ठेवण्यास पावसाची तीन घरे पुरतात, उरलेली दोन कोठेही जाऊ शकतात, त्यामुळे मांडण्या १५ होतात. २ हा अंक सर्वांत फसवा. दोन-दोनचे दोन खंड, किंवा दोनचा एक आणि एकेकटी दोन घरे, असे दोन्ही प्रकार त्यात येतात आणि मांडण्यांची संख्या ७५ वर जाते; अशा ओळीकडे आरंभी वळूच नये.

कोडे अडले की छपाईला दोष देण्यापूर्वी काही गोष्टी तपासाव्यात. साध्या सुडोकूला एकमेव उत्तर येण्यासाठी किमान १७ अंक दिलेले असावे लागतात, हे डब्लिनचे गणितज्ञ गॅरी मॅक्ग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये संगणकाच्या साहाय्याने दाखवून दिले. मात्र येथे बाहेरचे अंकही माहिती पुरवतात, तेव्हा १७ पेक्षा कमी अंक दिसले म्हणून कोडे चुकीचे ठरत नाही. याउलट, एकाच पट्ट्यातील, म्हणजे शेजारशेजारच्या तीन चौकटींतून जाणाऱ्या, तिन्ही आडव्या ओळींबाहेर ४ असेल तर चूक नक्की आहे. चार घरांचा एक खंड डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही चौकटींना एकाच वेळी गाठू शकत नाही आणि एका चौकटीत तीनहून अधिक घरे व्यापू शकत नाही. म्हणजे डावीकडील चौकटीची चार कोरडी घरे भरण्यास दोन ओळी लागणार, उजवीकडील चौकटीलाही आणखी दोन, आणि ओळी तर तीनच आहेत.

आपले उत्तर सर्व नियमांत बसते, पण छापील उत्तराशी जुळत नाही आणि फरक केवळ ६ व ८ यांच्या अदलाबदलीचा आहे, असे झाल्यास मोबाइलवरून वहीत उतरवताना ६ किंवा ८ चे दिलेले घर सुटले आहे का ते पाहावे. खंडाच्या नियमाला ६ आणि ८ सारखेच, त्यामुळे दिलेल्या अंकांत दोन्ही नसतील तर दोन उत्तरे अटळ असतात. म्हणूनच दिलेल्या अंकांत १ ते ४ पैकी किमान तीन आणि ५ ते ९ पैकी किमान चार वेगवेगळे अंक दिसले पाहिजेत.