बेअरिंग परत परत जातंय? शाफ्ट, बुश आणि बेअरिंग निवडताना या चुका टाळा

छोट्या मशिनीत बेअरिंग वाजायला लागलं की आपण जुन्यावरचा नंबर वाचतो, दुकानातून तसलंच नवं आणतो आणि ठोकून बसवतो. थोडे दिवस बरं चालतं आणि परत तोच आवाज, मग हल्ली मालच बोगस येतो म्हणून दुकानदाराच्या नावाने बोंब. डुप्लिकेट माल बाजारात आहे, नाही असं नाही, पण बऱ्याचदा बेअरिंगचा काही दोष नसतो, दोष आतल्या शाफ्टचा नाहीतर बाहेरच्या हाउसिंगचा (बेअरिंग ज्या घरात बसतं त्याचा) असतो आणि तिकडे कुणी व्हर्नियर लावून बघत नाही.

म्हणून पहिलं काम, जुनं बेअरिंग लगेच भंगारात टाकू नका. आतल्या रिंगचं भोक बघा, तिथं लालसर तपकिरी पूड किंवा आरशासारखी चकाकी असेल तर रिंग शाफ्टवर घसरून फिरत होती, म्हणजे फिट (दोन भाग एकमेकांत किती घट्ट बसतात ते) लूज. मग बाहेरची रिंग कापून उघडा (ग्राइंडर लावताना गॉगल घाला, ही रिंग कडक असते, तुकडा उडतो). गोळ्या पळतात तो पट्टा एका बाजूला तिरका गेलेला दिसला तर अलाइनमेंट चुकलंय, गोळ्यांच्या अंतराने सारखे बारीक खड्डे दिसले तर बसवताना कुणीतरी हातोडीने मारलंय, आणि रंग निळसर झाला असेल तर ते तापलंय, म्हणजे ग्रीस संपलं होतं किंवा फिट फारच टाइट होता. एवढं बघितलं तरी निम्मं निदान झालं.

फिटचा नियम सोपा आहे पण नेमका उलटा वापरला जातो. जी रिंग लोडच्या तुलनेत फिरते ती टाइट हवी. मोटरमध्ये शाफ्ट फिरतो म्हणून आतली रिंग शाफ्टवर टाइट आणि बाहेरची हाउसिंगमध्ये हाताने सरकेल अशी. पण कन्व्हेयरचा रोलर किंवा ट्रॉलीचं चाक घ्या, तिथं शाफ्ट फिरत नाही, स्थिर असतो आणि बाहेरची रिंग फिरते, तर तिथं हबमध्ये टाइट पाहिजे. आपल्याकडे दोन्हीकडे शाफ्टच टाइट करतात आणि मग चाकाचा हब आतून खाल्ला जातो. टाइट म्हणजे किती, तर २० मिमीच्या शाफ्टवर पाच-दहा मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जास्त एवढंच, त्यामुळे लेथवरून उतरवताना 'जरा पॉलिश मारतो' म्हणून एमरी पेपर फिरवला की तेवढ्यातच तो फिट गेलेला असतो.

शाफ्ट लूज निघाला की पंच मारून खरबरीत करायचा आणि त्यावर बेअरिंग चढवायचं, हा जुगाड तर प्रत्येक वर्कशॉपमध्ये चालतो. बेअरिंग त्या पंचाच्या टोकांवर बसतं, थोडे दिवसांत टोकं चेपतात आणि सगळं पहिल्यासारखं. फटीचा फरक थोडा असेल तर बेअरिंग रिटेनर म्हणून जे लिक्विड मिळतं ते लावा, जास्त असेल तर शाफ्ट नवा करा नाहीतर स्लीव्ह (पातळ नळी) घाला.

अॅल्युमिनियमच्या हाउसिंगची गंमत वेगळीच. थंड असताना बेअरिंग छान घट्ट बसतं, मशीन तापलं की आत फिरायला लागतं, कारण अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं. ६२०४ नंबरच्या बेअरिंगचं बाहेरचं माप ४७ मिमी, हाउसिंग आणि बेअरिंग दोन्ही ५० डिग्रीने तापले तर स्टील आणि अॅल्युमिनियममध्ये साधारण २५ मायक्रॉनचा फरक पडतो, म्हणजे जो फिट ठेवला होता तो संपलाच. अशा ठिकाणी थंडपणी फिट जास्त टाइट ठेवावा लागतो किंवा सरळ आत स्टीलची स्लीव्ह बसवतात.

आणि बेअरिंगच्या नंबरापुढचं सी३ म्हणजे भारी क्वालिटी असा एक गोड गैरसमज आहे, काही दुकानदारसुद्धा तसंच सांगून विकतात. सी३ म्हणजे आतली गॅप नॉर्मलपेक्षा जास्त, बस. तापणाऱ्या मोटरला, टाइट फिटला ते बरोबर, पण तुमच्या छोट्या ड्रिलिंग स्पिंडलला लावलं तर उलट चाल (हलण्याची मोकळीक) वाढेल. तसंच नंबरापुढच्या झेडझेड आणि टू आरएस या अक्षरांचं. झेडझेडला पत्र्याची झाकणं, त्यांच्या आणि आतल्या रिंगच्या मध्ये बारीक फट राहते, त्यामुळे पिठाच्या गिरणीत किंवा लाकडाच्या भुश्यात ते टिकत नाही, तिथं रबर सीलवालं टू आरएस घ्या. पण खेळण्यातल्या मोटरएवढ्या छोट्या ड्राइव्हला ६०८ नंबरचं टू आरएस लावून 'मोटर ओढत नाही' म्हणू नका, सील घासतं, तेवढी ताकद त्यातच जाते.

आता मटेरियलकडे येऊ, कारण खरा पैसा इथं वाया जातो. नीडल बेअरिंगमध्ये, म्हणजे ते पातळ कवचाचं एचके सिरीजवालं, आतली रिंग नसते. सुया थेट तुमच्या शाफ्टवर पळतात. म्हणजे शाफ्ट हीच त्याची अर्धी बेअरिंग, आणि तो बेअरिंगसारखाच कडक पाहिजे, साधारण ५८ एचआरसीच्या (एचआरसी हे कडकपणाचं माप) वर आणि ग्राइंड केलेला. एमएसचा, म्हणजे साध्या मऊ स्टीलचा ब्राइट बार दिसायला चकचकीत असतो म्हणून घालतात आणि काही दिवसांत त्याच्यावर रेघोट्या पडतात. थ्रीडी प्रिंटर आणि छोटे सीएनसी बनवणारी पोरं एलएम८यूयू (रॉडवर सरकणारं लिनियर बेअरिंग) मध्ये ३०४ स्टेनलेसचा रॉड घालतात, तिथंही तेच होतं, ३०४ हीट ट्रीटमेंटने हार्ड होतच नाही. गंज नको म्हणून स्टेनलेस निवडलं आणि रॉडला खोबणी पडली, काय उपयोग. हार्ड क्रोम केलेला इंडक्शन हार्डन (वरचा थर तापवून कडक केलेला) रॉड तयार मिळतो तो घ्या, किंवा ईएन३१ (बेअरिंगचं स्टील) हार्ड करून ग्राइंड करा, फक्त ईएन३१ ला तेल लावायला विसरलात की गंज येणार. आणि हो, एचके बेअरिंग हातात घेऊन शाफ्ट घालून बघू नका, मोकळं असताना त्याचं माप खरं नसतं, हाउसिंगमध्ये दाबल्यावरच ते गोल होतं.

जिथं पार्ट पूर्ण फिरतच नाही, लिव्हर किंवा बिजागरी दहा-पंधरा डिग्री पुढं-मागं हलते, तिथं बॉल बेअरिंग घालायचा मोह सोडा. गोळ्या त्याच जागी घासत राहतात, मधलं ग्रीस बाजूला जातं, खड्डे पडतात. तिथं साधा बुश (गोळ्या नसलेली नुसती नळी) जास्त टिकतो आणि स्वस्तही पडतो. पण बुश म्हणजे पितळेचा कुठलाही तुकडा नव्हे हो. लेथवर भुरभुर कटणारं फ्री कटिंग पितळ लोडखाली लवकर झिजतं, गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझ (तांबं-कथलाचे मिश्रधातू) मागा. दिसायला सगळं पिवळं, म्हणून ओळखीच्या ठिकाणाहून घ्या. चाल २० मिमीच्या शाफ्टला २० ते ३० मायक्रॉन ठेवा, आणि शाफ्ट बुशपेक्षा कडक असू द्या, म्हणजे झिजला तर स्वस्तातला बुश झिजेल. तेल मुरलेले सिंटर्ड (धातूची पूड दाबून-भाजून केलेले, सच्छिद्र) बुश मिळतात, त्यांचं भोक रीमर (भोक मापात आणायचं हत्यार) फिरवून मोठं करू नका, छिद्रं पुसली जातात आणि आतलं तेल बाहेर येतच नाही. दाबल्यावर भोक थोडं आवळतं, म्हणून बरोबर मापाची पिन आत घालून दाबा.

नायलॉनचं काय, तर हिवाळ्यात मस्त फिरणारा बुश जुलैमध्ये जाम. नायलॉन ६ पूर्ण भिजलं तर वजनाच्या नऊ टक्क्यांच्या आसपास पाणी पितं आणि फुगतं, बाहेरून हाउसिंग असतंच, मग भोकच आवळतं. कोकणात किंवा पाण्याजवळच्या कामाला ॲसिटल वापरा, बाजारात डेलरिन म्हणून मिळतं, ते एक टक्काभरही पाणी पीत नाही. किंवा नायलॉनच घालायचं तर चाल आधीच जास्त सोडा.

लीड स्क्रूच्या (फिरून भाग पुढं-मागं सरकवणाऱ्या लांब स्क्रूच्या) टोकाला ५११०० सारखं थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टच्या लांबीच्या दिशेचा दाब घेणारं) बसवताना दोन्ही वॉशरची भोकं मापा. एकाचं १०, दुसऱ्याचं ११. दहावालं शाफ्टच्या खांद्याला, अकरावालं हाउसिंगला. उलटं बसवलं तर अकरावालं शाफ्टबरोबर नीट फिरत नाही, दहावालं शाफ्टवर घासतं, आणि आपण ग्रीस बदलत बसतो. तसंच लांब शाफ्टला दोन्ही टोकांची बेअरिंग सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंग रिंग) लावून पक्की करू नका, तापल्यावर शाफ्ट लांबतो, त्याला एकीकडे सरकायला जागा द्या.

बसवताना ज्या रिंगचा फिट टाइट तिच्यावरच दाब द्या, शाफ्टवर चढवताना आतल्या रिंगच्या मापाचा पाइप घ्या. गरम करून घालायचं तर ११० डिग्रीपर्यंत, सीलवालं ८० च्या आत आणि तेलात न बुडवता. गॅसची ज्योत अजिबात नको. उघड्या बेअरिंगमध्ये ग्रीस एक तृतीयांश जागेत पुरे, ठासून भरलं की तापतं.

आणि नवं बेअरिंग बसवल्यावर मशिनीच्या फ्रेमला काही वेल्डिंग करायचं निघालं तर अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या शेजारीच लावा, बेअरिंगच्या पलीकडे लावला तर करंट गोळ्यांमधून जातो आणि नव्याकोऱ्या ट्रॅकवर ठिणगीचे बारीक खड्डे पडतात.