चमक दिसली म्हणून कार्बन डॉट झाले असं नाही: या चुका टाळा

कार्बन डॉट म्हणजे कार्बनचे चमकणारे नॅनोकण; पेशी पाहायला आणि त्यांच्यात औषध पोचवायला ते वापरतात. नेहमीची कृती अशी: सायट्रिक ॲसिड आणि इथिलीनडायअमाईन पाण्यात विरघळवायचं, ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सोसणाऱ्या बंद भांड्यात) 200 अंशांवर पाचेक तास ठेवायचं आणि निघालेल्या तपकिरी द्रावणावर युव्ही टॉर्च मारायचा. निळंशार दिसलं की नवशिके थेट कॅन्सरच्या पेशींकडे धावतात. पण या कृतीत डॉटबरोबर आयपीसीए नावाचा लहानसा रेणूही तयार होतो, आणि तो एकटासुद्धा जबरदस्त निळा चमकतो.

आमच्याकडे एका विद्यार्थ्याने डायलिसिस, म्हणजे बारीक छिद्रांच्या पिशवीतून लहान रेणू बाहेरच्या पाण्यात घालवणं, एका रात्रीत उरकलं. हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी) झकास निळ्या आल्या, पोस्टरही छापून झालं. त्याला म्हटलं, तीच पिशवी पुन्हा ताज्या पाण्यात सोड. सकाळी टॉर्च मारला, तर बीकरमधलं पाणी लखलखतंय आणि पिशवीत उरलाय फिकट चहा. टीईएममधले (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधले) ठिपके खरे होते, चमक मात्र त्यांची नव्हती. मग पेशीत नेमकं कोण शिरलं? औषध डॉटवर बांधलेलं आणि आपण पाहतोय सुट्या रेणूचा उजेड; औषध कुठे पोचलं हे त्या फोटोवरून सांगणार कसं?

मी 1 किलोडाल्टनची (साधारण त्याहून हलके रेणू बाहेर जाऊ देणारी) पिशवी वापरते आणि बाहेरचं पाणी टॉर्चखाली अंधारं दिसेपर्यंत बदलत राहते. ‘मॅडम, किती दिवस?’ असं विचारणाऱ्याला मी उत्तर देत नाही. त्यानंतर उरलेले घटक वेगळे करणारा क्रोमॅटोग्राफीचा कॉलम लावायचाच. ‘दहा मिनिटांत मायक्रोवेव्हमध्ये डॉट’ वाल्यांनाही यातून सूट नाही.

बिनडॉटच्या पेशींचा फोटो त्याच एक्स्पोजरवर काढा. पेशींत मुळातच असलेला एनएडीएच हा रेणू निळाच चमकतो. डॉटवर डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध लादलं असेल तर त्याची स्वतःची लाल चमक डॉटच्या खात्यावर मांडू नका.

क्वांटम यील्ड (शोषलेल्या प्रकाशातला किती चमक होऊन परत येतो ते) काढताना द्रावणाचं शोषण 0.1 च्या खाली ठेवा. गडद द्रावणाचा आकडा कचऱ्यात टाका.

डॉट पेशींना मारतात का हे तपासताना एकट्या एमटीटीवर विसंबू नका; या चाचणीत जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रंगद्रव्याचं जांभळं फॉर्मझान करतात आणि त्या रंगावरून त्या मोजतात. ग्राफीन ऑक्साइडसारखे पदार्थ पेशी नसतानाही त्याचं जांभळं फॉर्मझान करतात, म्हणजे मेलेल्या पेशी जिवंत मोजल्या जातात. प्लेटमध्ये बिनपेशींची, नुसत्या डॉटची एक रांग हवीच.

निळे डॉट घेऊन उंदराच्या गाठीचं इमेजिंग करायला निघू नका. 365 नॅनोमीटरचा प्रकाश कातडीतच अडतो. 650 च्या पुढे चमकणारे डॉट बनवा, कष्ट पडले तरी. आणि फोटोथर्मलमध्ये, म्हणजे लेसरने डॉट तापवून गाठ जाळण्याच्या प्रयोगात, डॉट न देता नुसता 808 नॅनोमीटरचा लेसर मारलेला गट ठेवला नसेल, तर गाठ डॉटमुळे जळली की लेसरनेच, हे रिव्ह्यूअर पहिल्याच ओळीत विचारेल.