दिव्यांग साहित्य वाटपाचा रिपोर्ट दोनदा परत आला, मग असा जुळवला

आमची संस्था छोटी, मिरजेजवळ. एडिप योजनेतून (दिव्यांगांना साहित्य देणारी केंद्र सरकारची योजना) कुबड्या, व्हीलचेअर, श्रवणयंत्रं वाटली, कॅम्प झकास झाला, आणि मग सुरू झाला खरा ताप म्हणजे कागद! उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान कशावर खर्च झालं ते सरकारला दाखवायचा फॉर्म, जीएफआर १२-ए) दोनदा परत आलं, शेरा एकच, "आकडे जुळत नाहीत".

तीन रात्री एक्सेल उघडून बसलो तेव्हा कळलं की यादीत माणसं ५४ आणि साहित्य ६२, कारण काहींनी व्हीलचेअर पण घेतलेली आणि श्रवणयंत्र पण, आणि आमच्या पोरानं दोन्ही एकाच रकान्यात मोजलेलं. मग सरळ दोन रकाने केले, लाभार्थी वेगळे, नग वेगळे. यूडीआयडी नंबर (दिव्यांगाच्या ओळखपत्रावरचा) १८ अक्षर-अंकांचा असतो, त्यात शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाईप झालेला चार ठिकाणी सापडला, ते कार्ड समोर ठेवूनच तपासावं लागतं, दुसरा इलाज नाही.

दुसरी चूक माझीच. अनुदानावर बँकेत जमलेलं व्याज मी खर्चात धरलेलं. ते आपलं नसतंय, वेगळं दाखवून सरकारकडे परत भरायचं असतं. सीएंनी चांगलंच झापलं.

अजून एक, लाभार्थ्याला त्याच साहित्याची मदत मागच्या तीन वर्षांत मिळालेली नसावी लागते, १२ वर्षांखालच्या पोरांना ही अट एका वर्षाची. जुन्या याद्या काढून नावं ताडली, दोन सापडली. तिसऱ्यांदा पाठवलं ते पास झालं राव.