पुण्याच्या डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल येण्याआधी

आईचे शुगरचे डॉक्टर पुण्यात. कोल्हापुरातून जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, आणि २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला, तेव्हा तेही बंद झालं. आता मधल्या तपासण्या व्हिडिओवर होतात. पहिला कॉल आम्ही जवळजवळ वाया घालवला. डॉक्टर समोर, आणि मी फ्रीजवर, देवघरात, उशीखाली गोळ्यांची पाकिटं शोधतोय.

तयारी तीन दिवस आधी सुरू करा. रोज सकाळी उपाशीपोटी आणि जेवायला बसल्यापासून दोन तासांनी घरच्या मशीनवर बोटाचं रक्त घेऊन शुगर बघायची आणि वेळेसकट वहीत लिहायची. त्याआधी हात साबणाने धुवून नीट कोरडे करायचे. हे मी जरा जोर देऊन सांगतो, कारण आमच्याकडे एकदा ३१२ आकडा आला आणि घरात धावपळ उडाली. चौकशी केली तर आईने नुकताच गुळाचा रवा, म्हणजे ढेप, फोडला होता. हात धुवून परत बघितली, १६८. स्ट्रिपच्या डबीवरची तारीखही बघून घ्या, आणि डबीचं झाकण उघडं ठेवू नका. दमट हवेने स्ट्रिप बिघडतात. शुगर ७० च्या खाली गेली असेल, घाम सुटला असेल, हातपाय थरथरले असतील, तर ते कधी आणि काय खाल्ल्यावर थांबलं, हे ठळक लिहा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

आकड्याशेजारी खाल्लेलंही लिहायचं. "मी कुठं काय खातो?" ही आईची ठरलेली सुरुवात. मिसळीबरोबर पाव दोन होते की चार, उसाचा रस अर्धा ग्लास की पूर्ण, पांढऱ्या रश्श्याच्या दिवशी भात किती वेळा वाढून घेतला, सगळं जसंच्या तसं. वहीत सोवळं ओवळं पाळलंत तर डोस चुकेल.

इन्सुलिन चालू असेल तर बाटली आणि सिरिंज दोन्हींचा फोटो काढा, लेबल वाचता येईल असा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० चं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनच्या कार्ट्रिजमध्ये १००. सिरिंजही वेगवेगळ्या, लाल टोपणाची ४० ला, केशरी टोपणाची १०० ला. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात ५० युनिट जातात. मेडिकलवाल्याने घाईत दुसरीच दिली तर फोनवरून कुणाच्या लक्षात यायचं? टोचायची जागाही दाखवा. एकाच ठिकाणी टोचून गाठ झाली असेल तर इन्सुलिन नीट लागत नाही.

पायांचे फोटो खिडकीच्या उजेडात काढा, तळवे आणि बोटांच्या बेचक्यासुद्धा. नवी कोल्हापुरी चप्पल अंगठ्याला लागते हे आपल्याला नवीन नाही, पण बधिर झालेल्या पायाला ते कळतच नाही. चैत्रात अंबाबाईच्या देवळात अनवाणी फिरून आल्यावर तळव्याला फोड आलाय, हे आईला मी दाखवल्यावर समजलं. अशी जखम असेल तर फोटोवर भागवू नका, डॉक्टरला प्रत्यक्ष दाखवा. डोळ्यांत थेंब घालून पडद्याची तपासणीही फोनवर होत नाही. ती वर्षातून एकदा इथेच करून घ्या.

एचबीएवनसीचं, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरच्या तपासणीचं, रक्त दोन दिवस आधी द्या, उपाशी राहायची गरज नाही. रिपोर्ट, वजन, बीपीचे दोन-तीन आकडे सकाळीच पाठवून ठेवा. सगळ्या गोळ्या एका ताटात मांडा, गुडघ्याच्या आणि कुणीतरी सांगितलेल्या काढ्यासकट. नेटवर्क, चार्जिंग, शांत खोली; टीव्ही बंद. आईला शेजारी बसवा, तिच्या वतीने सगळं आपणच बोलू नका.

उलट्या थांबत नाहीत, धाप लागलीय, छातीत दुखतंय किंवा माणूस गुंगीत आहे, तर कॉलची वेळ बघत बसू नका. १०८ लावा, नाहीतर रिक्षा करून सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल, किंवा जवळचं दुसरं हॉस्पिटल गाठा.

डॉक्टरांनी डोस सांगितला की तो परत म्हणून दाखवा: "सकाळी १४, रात्री १०, बरोबर ना?" प्रिस्क्रिप्शन पाठवायला सांगा आणि त्यावर त्यांचा रजिस्ट्रेशन नंबर आहे का बघा, केंद्र सरकारच्या मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांत तो असावाच लागतो. पुढची तारीख पावसाळ्यात येत असेल तर जूनमध्येच पंधरा दिवसांचं औषध जादा आणून ठेवा. न फोडलेली बाटली फ्रीजमध्ये, पण फ्रीझरमध्ये नको. वापरात असलेल्या बाटलीवर फोडल्याची तारीख पेनने लिहा, साधारण चार आठवड्यांनी ती टाकायची असते.