पाळीत जास्त जातं, अंगात रक्त राहत नाही: या चुका टाळा

सांगली-साताऱ्याकडे बाईच्या अशक्तपणावरचे उपाय ठरलेले आहेत. आटपाडीचं डाळिंब, तासगावचा बेदाणा, बिटाचा रस आणि फारच झालं तर गावातल्या दवाखान्यात एक सलाईन. चार दिवस बरं वाटतं. पुढची पाळी आली की भांगलताना पुन्हा डोळ्यापुढं अंधारी, जिना चढताना धाप. मग परत डाळिंब.

यातला हिशेब मात्र कुणी मांडत नाही. एक मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. एका पाळीत ८० मिलिलिटरच्या वर रक्त गेलं तर डॉक्टर त्याला अतिस्राव म्हणतात. म्हणजे ४० मिलिग्रॅम लोह गेलं. कमाईची बाजू बघा: रोजच्या जेवणातून शरीर एक-दोन मिलिग्रॅमच शोषतं आणि त्यातलं एक रोजच्या झिजेतच संपतं. महिनाअखेर शिल्लक फार तर ३०. जिचं १६०-२०० मिलिलिटर जातं तिनं कितीही पौष्टिक खाल्लं तरी ही तूट भरत नाही. माठ गळका असेल तर आधी भोक बुजवायला हवं, आणि घरोघरी चर्चा चालते ती नुसती पाणी ओतण्याची.

“आमच्याकडं सगळ्यांचंच असं जातं”

आई, मावशी, थोरली बहीण, सगळ्यांची पाळी अशीच असेल तर निर्धास्त होऊ नका, डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. गर्भपिशवीतल्या फायब्रॉइडच्या गाठी आणि रक्त नीट न गोठण्याचे काही आजार घराण्यात चालत येतात. वयात येताच पहिल्या पाळीपासून भरपूर जाणाऱ्या मुलीत तर हे तपासायलाच हवं.

मिलिलिटर कुणी मोजत बसत नाही, म्हणून खुणा लक्षात ठेवा. तास-दोन तासांत पॅड भिजणं, रात्री बदलायला उठावं लागणं, दोन पॅड एकावर एक लावणं, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या रक्ताच्या गाठी पडणं, सात दिवसांपेक्षा जास्त दिवस जाणं. कापड वापरत असाल तर दिवसाला किती घड्या बदलल्या ते कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन पाळ्यांची अशी नोंद डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

कच्चे तांदूळ, पाटीवरची पेन्सिल, भाजकी माती किंवा बर्फ खावासा वाटणं हीसुद्धा लोह कमी असल्याची खूण असू शकते. सुनेला यावरून हसणाऱ्या सासूबाईंनी तिला रक्त तपासायला न्यावं.

ताकदीची बाटली

साध्या सलाईनमध्ये पाणी, मीठ, फार तर साखर असते. पिवळी बाटली असेल तर बी-जीवनसत्त्वं. लोह नसतं. पाणी कमी झालेल्या माणसाला त्यानं तरतरी येते, रक्त वाढत नाही. शिरेतून लोह देतात ते वेगळं औषध, आयर्न सुक्रोज किंवा फेरिक कार्बोक्सिमाल्टोज. गोळ्या सोसत नसतील किंवा तूट मोठी असेल तर डॉक्टर दवाखान्यात देखरेखीखाली ते लावतात. बाटलीत काय आहे हे विचारायला संकोच कसला? पैसे आपण देतो.

लाल दिसतं म्हणून रक्त वाढत नाही

१०० ग्रॅम डाळिंबात लोह अर्धा मिलिग्रॅमही नसतं. चवीला छान लागतं, खुशाल खा, पण औषध समजू नका. पालकात लोह असलं तरी अंगी फारसं लागत नाही. त्यापेक्षा माण-खटाव-जतकडची बाजरी, मोड आलेली मटकी, हुलगे आणि अळीव बरे, वर लिंबू पिळून किंवा पेरू-आवळ्याच्या जोडीनं. खाणाऱ्यांनी मटण-कलेजी घ्यावी, त्यातलं लोह सगळ्यात चांगलं शोषलं जातं. उपवासाला साबुदाण्याऐवजी राजगिरा खा.

गोळी आणि चहा

आपल्याकडे उठल्यावर चहा, रानात चहा, पाहुणा आला की चहा. लोहाची गोळी त्यातल्याच एका कपाच्या आगेमागे गिळली जाते आणि अर्धीअधिक वाया जाते. चहा-कॉफी, दूध, कॅल्शियमची गोळी आणि ॲसिडिटीचं औषध यांच्यापासून ती दोन तास लांब ठेवा. उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर घेतलेली उत्तम. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या, पण बंद करू नका. एक गोळी घेतल्यावर शरीर साधारण दिवसभर पुढचं लोह कमी शोषतं, म्हणून अनेकींना डॉक्टर एक दिवसाआड गोळी देतात. पोटालाही ते सोसतं. शौचाला काळं होणं हा लोहाचाच रंग, त्याला घाबरून गोळ्या फेकू नयेत.

आशाताई देतात ती ६० मिलिग्रॅम लोहाची लाल गोळी आठवड्याला एक घ्यायची असते, ती प्रतिबंधासाठी. हिमोग्लोबिन आधीच ९ असेल तर तेवढ्यानं भागत नाही, उपचाराचा डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

सर्रास होणारी चूक म्हणजे हिमोग्लोबिन १२ झालं की गोळी थांबवणं. तेव्हा साठा रिकामाच असतो. पुढं तीन महिने तरी गोळी चालू ठेवावी लागते. साठा कळतो फेरिटिनच्या तपासणीत. हिमोग्लोबिन बरं असूनही थकवा जात नसेल तर ती मागून घ्या. जागतिक आरोग्य संघटना १५ च्या खाली कमतरता मानते, बरेच डॉक्टर ३० च्या खालीच उपचार सुरू करतात.

महिनाभर नीट गोळी घेऊन हिमोग्लोबिन एकानंही वाढलं नाही तर गोळी बदलत बसू नका, कारण शोधा. स्राव चालूच आहे का, अनवाणी रानात काम करून अंकुशकृमी (आतड्यातले रक्त शोषणारे जंत) झालेत का, बी-१२ कमी आहे का, थॅलेसेमिया मायनर हा जन्मजात रक्तदोष तर नाही? या शेवटच्यात लोहाची कमतरता नसेल, तर लोह घेऊन काहीच उपयोग होत नाही.

गळती थांबवण्याऐवजी थेट पिशवी काढणं

आधी सोनोग्राफी आणि थायरॉइड तपासा. तांबी बसवल्यावर स्राव वाढला असेल तर ते सांगा. चाळिशी उलटल्यावर पाळी बदलली तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला घेतात, तो टाळू नका. ट्रानेक्झामिक ॲसिड हे औषध फक्त जास्त जाण्याच्या दिवसांत घ्यायचं असतं आणि त्यानं स्राव बराच कमी होतो; पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल तर मात्र ते चालत नाही. साध्या तांबीनं स्राव वाढू शकतो, पण हार्मोनची तांबी तो कमी करते आणि पाच वर्षं किंवा त्याहून जास्त काम करते. एवढं असताना तिशीतल्या बाईला “पिशवी काढून टाका” असा सल्ला पहिल्याच भेटीत मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. बीडच्या ऊसतोड बायकांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका पेटला की २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

लग्नासाठी, पालीच्या यात्रेसाठी मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायची गोळी आणणं हीसुद्धा चूकच. बंद केल्यावर काहींना भरपूर जातं, आणि आधीच रक्त कमी असलेल्या बाईला ते महागात पडतं.

सलग दोन तास तासाला एक पॅड भिजत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, छातीत धडधडत असेल, चक्कर येऊन पडलात किंवा हिमोग्लोबिन ७ च्या खाली आलं, तर सकाळची वाट न बघता साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय, सांगली-मिरजेचं सिव्हिल किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा. पाळी गेल्याला वर्ष झालं आणि पुन्हा थेंबभर जरी लाल दिसलं, तरी त्याच आठवड्यात तपासून घ्या.