सीडीवरून सुरू न होणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स कसं टाकावं

सीडी ड्राइव्ह बंद पडलाय, पेन ड्राइव्ह लावला तर लॅपटॉप दाद देत नाही, आणि एवढ्यावरून धडधाकट मशीन भंगारात जातं. हे थांबायला हवं. लिनक्स शेवटी हार्ड डिस्कवर बसतं. मग ती डिस्कच बाहेर काढून दुसऱ्या मशीनवर नेता येते. खटपट थोडी जास्त आहे, पण माझ्या मते हाच सगळ्यात खात्रीचा मार्ग.

आधी हे तपासा

आयएसओ फाइल (म्हणजे लिनक्सची डाउनलोड केलेली इन्स्टॉलर फाइल) सीडीवर नुसती कॉपी केली तर ती बूट होत नाही, म्हणजे तिच्यावरून मशीन सुरू होत नाही, ती ‘इमेज’ म्हणूनच बर्न करावी लागते. फाइल ७०० एमबीपेक्षा मोठी असेल तर डीव्हीडी लागते, आणि बऱ्याच जुन्या ड्राइव्हना डीव्हीडी वाचताच येत नाही.

मग पेन ड्राइव्ह. लॅपटॉप सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबून बूट मेनू उघडा (कंपनीनुसार की बदलते). जुन्या बायोसमध्ये (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) पेन ड्राइव्ह कधी कधी ‘हार्ड डिस्क’ या नावाखाली लपलेला असतो. ती यादी उघडून त्याला वर आणावं लागतं. बायोसमध्ये यूएसबी बूट नसेलच, पण आतलं विंडोज अजून चालत असेल, तर प्लॉप बूट मॅनेजर हा छोटा प्रोग्राम विंडोजच्या बूट मेनूत बसवून त्याच्यामार्फत पेन ड्राइव्ह सुरू करता येतो. तेही जमलं नाही तर स्क्रू ड्रायव्हर घ्या.

कोणतं लिनक्स?

जुना प्रोसेसर ३२-बिट असेल तर पर्याय मोजकेच उरलेत. उबुंटूने ३२-बिट आवृत्ती केव्हाच सोडली. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३मध्येही ३२-बिट इन्स्टॉलर नाही. म्हणून एक जीबी किंवा जास्त रॅम असेल तर डेबियन १२ची ३२-बिट आवृत्ती आणि एलएक्सडीई डेस्कटॉप घ्या. त्याहून कमी रॅम असेल तर अँटीएक्स २३. पुढच्या पायऱ्या डेबियन धरून लिहिल्या आहेत.

डिस्क बाहेर काढणं

चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढा. बहुतेक लॅपटॉपमध्ये खालच्या बाजूला एक-दोन स्क्रू काढले की डिस्क तिच्या पत्र्याच्या चौकटीसकट बाहेर सरकते. टोकाला चपट्या सोनेरी पट्ट्या दिसल्या तर ती साटा (जोडणीचा नवा प्रकार). पिनांच्या दोन बारीक रांगा दिसल्या तर आयडीई (जुना प्रकार). आयडीईच्या पिनांवर कधी कधी एक जोडतुकडा बसवलेला असतो. तो तिरका ओढू नका, दोन्ही टोकांना नख घालून थोडा थोडा सरळ उचला. एका कडेला चार पिना वेगळ्या असतात, त्या जंपरच्या. केबल त्यांच्यावर लावायची नाही. मुख्य रांगेत एक पिन मुळातच नसते, तिथे तुटलंय असं समजून घाबरू नका.

आयडीई किंवा साटा डिस्क यूएसबीला जोडणारा अडॅप्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन शोधा. डिस्क जोडली की सगळ्यात आधी जुने फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. इन्स्टॉल करताना डिस्क पुसली जाणार आहे. डिस्क साटा असेल तर याच वेळी एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपवर चालणारी डिस्क) बसवा. जुन्या लॅपटॉपला त्याने जेवढा वेग येतो, तेवढा दुसऱ्या कशाने येत नाही.

इन्स्टॉल करणं

मदतीला पेन ड्राइव्हवरून बूट होणारा लॅपटॉप हवा, साधारण २०१० ते २०१५च्या दरम्यानचा. त्याची स्वतःची डिस्क आधी काढून ठेवा. हा त्रास वाचवू नका. ती आत राहिली आणि बूटलोडर (लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) चुकून तिच्यावर गेला, तर मदतीला आणलेलं मशीनच अडकतं. मग आपली डिस्क अडॅप्टरने त्याला जोडा.

त्याच्या बायोसमध्ये ‘लेगसी’ किंवा ‘सीएसएम’ मोड चालू करा. आपल्या जुन्या लॅपटॉपला यूईएफआय (बायोसची नवी जागा घेणारी पद्धत) कळत नाही. डेबियनचा मेनू आला की वरच्या ओळीत ‘बायोस मोड’ लिहिलेलं दिसतं का ते बघा. तिथे ‘यूईएफआय’ दिसलं तर तिथेच थांबून सेटिंग बदला.

पुढे नेहमीसारखंच. भाषा मराठीही निवडता येते. वायफायपेक्षा लॅन केबल लावलेली बरी. विभाजनाच्या वेळी आकारावरून आपलीच डिस्क ओळखा, आणि शेवटी ‘ग्रब (म्हणजे लिनक्सचा बूटलोडर) कुठे बसवू’ असं विचारल्यावर तीच डिस्क निवडा. पेन ड्राइव्हचं नावही त्याच यादीत असतं, म्हणून घाईत एंटर दाबू नका.

डिस्क परत जागेवर

मशीन बंद करून डिस्क मूळ लॅपटॉपमध्ये बसवा आणि सुरू करा. लिनक्सच्या कर्नलमध्ये बहुतेक हार्डवेअरचे ड्रायव्हर आधीच असतात, त्यामुळे मशीन बदललं तरी सहसा अडत नाही. ग्रबचा मेनू येऊन पुढे स्क्रीन काळा राहिला तर मेनूवर ‘ई’ (e) दाबा, ‘लिनक्स’ने (linux) सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ (nomodeset) लिहा आणि एफ१० दाबा. मेनूच आला नाही तर ग्रब दुसरीकडे गेलाय किंवा मोड चुकलाय. इन्स्टॉल पुन्हा करावं लागेल.

अपडेट करताना ‘फाइल अजून वैध नाही’ अशा अर्थाची चूक दिसली तर आधी तारीख बघा. जुन्या लॅपटॉपच्या मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो आणि घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. तारीख नीट केली की अपडेट चालतं. सेल मात्र बदलूनच घ्या, नाहीतर बायोसमधला बूटचा क्रमही पुन्हा पुन्हा पुसला जाईल.